नखभर

सेंट पॉलच्या दवाखान्यात त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं,
"वडील चुकून दोन गोळ्या घेतात का?"
मी आमच्या ह्मोंग भाषेत विचारलं. वडिलांनी मान हलवली.
"डबीवरचं वाचता येतं ना त्यांना?"
हे मी त्यांच्यापर्यंत पोचवलंच नाही,
परस्पर म्हटलं, येतं.

पाच मिलिग्रॅम, पीचच्या रंगाची, रोज रात्री एक.
हृदय ठेका चुकतं,
गुठळी मेंदूकडे निघू नये म्हणून.
तरी सकाळी उशीवर हिरड्यांचं रक्त,
दंडावर जांभळे डाग
कुणीही न मारता उमटलेले.
आकडा दोन ते तीनमध्ये हवा. त्यांचा सात.

"पालेभाज्या सोडल्या का?"
हे ऐकून मात्र वडील हसले.
हायवेपलीकडे भाड्याच्या वाफ्यात
ते स्वतः मोहरी लावतात,
शनिवारी बाजारात जुड्या विकतात,
उरलेली घरी शिजते, रोज.

मग बाहेर, गाडीजवळ, मी ओरडले.
उणे वीस. ते काचेवरचा बर्फ खरवडत होते.
एक गोळी, बाबा, एक! एवढंही मोजता येत नाही?
खरवडणं थांबलं नाही.
"मोजता येतं," म्हणाले.

सिग्ने हालवर्सन नवीन फार्मासिस्ट.
तिनं सुई काढली नाही. बरं झालं,
गेलेलं रक्त परत भरत नाही असं आमच्यात मानतात.
कापसाची काडी गालाच्या आतून फिरवली,
नळीत टाकली, नाव लिहिलं: चोंग नेंग मुआ.
स्पेलिंग विचारून लिहिलं.

दोन आठवड्यांनी ती म्हणाली, जनुक.
आमच्या भाषेत हा शब्द नाही.
मी म्हटलं, भरतकामातला टाका.
इतर पुष्कळांचा जिथे एक टाका असतो
तिथे तुमचा दुसरा आहे, बाबा.
औषध जे कुलूप लावतं
ते तुमच्यात आधीच लहान,
थोड्यातच बंद होतं.
आणि यकृत त्या औषधाला सावकाश घालवतं.
"आईकडून?" त्यांनी विचारलं.
आईकडून, वडिलांकडून. दोन्हीकडून.

"मग पाच हे माप कुणाचं?"
सिग्नेनं खुर्ची जवळ ओढली.
"सरासरीचं," ती म्हणाली.
"त्या सरासरीत तुमच्यासारखे फार कुणी नव्हते."
मी हे शब्दशः सांगितलं.
आणि मग, कुणी न विचारता,
माझ्याकडून एक वाक्य जास्तीचं:
चूक तुमची नव्हती.

परतताना पुलावर ते बोलू लागले.
खाली मिसिसिपी गोठलेली, पांढरी.
"मेकाँग ओलांडली तेव्हा मला पाच वर्षं.
येरला दीड.
काठावर सैनिक. पोरं रडली तर सगळेच मेले असते.
आईनं अफू दिली, नखभर.
अंधारात मापायला वेळ कुठला,
मला जेवढी, तिला तेवढीच."
वायपर दोनदा फिरले.
"मी पलीकडे जागा झालो."

येर. मला आत्या होती
हे मला बेचाळिसाव्या वर्षी कळलं.
पुढचा सिग्नल हिरवा होता, तरी मी थांबले.
मागच्यानं हॉर्न वाजवला.

आता एक मिलिग्रॅमची गुलाबी, रोज दीड.
गोळी कापायचं यंत्र सिग्नेनं फुकट दिलंय,
ते खणात पडून आहे.
वडील मोहरी कापायची सुरी घेतात,
चष्मा लावतात, गोळीवरची रेघ शोधतात.
गेल्या गुरुवारी आकडा आला दोन पॉइंट चार.
मी टाळ्या वाजवल्या. त्यांनी नाही.

गोळी दुभंगली की थोडा चुरा उडतो.
काल एक गुलाबी कण त्यांच्या नखात अडकला.
बोट दिव्याजवळ धरून
ते त्याच्याकडे बघत राहिले.
पाणी आणू का, मी विचारलं.
"थांब," म्हणाले,
आणि नळाखाली हात धरून
ते नख धूत राहिले,
मी नळ बंद करेपर्यंत.